जेवणाआधी, कोमट

यारोस्लाव्ल, ९ सप्टेंबर १९७८

शेवटचा टाका ओढताना नर्स म्हणाली, "श्वास सोडा," आणि मी तो धरून ठेवला. ती म्हणाली, "तुम्ही लेथवाले सगळे असेच. सांगितलं त्याच्या उलट." टाका निघाला. रिम्मा, मुख्यतः हेच कळवायला लिहितोय. सोमवारी घरी सोडतील.

डॉक्टर नीना लव्होव्हना म्हणाल्या, पित्ताचे खडे होते. काही काढले. एक नळीत खोलवर आहे, त्याला हात लावणं धोक्याचं होतं, म्हणून तो राहू दिला आणि पित्ताला बाजूनं दुसरी वाट करून दिली. डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय. खाज पण कमी आहे.

शेजारच्या खाटेवर सावेली म्हणून एक बोटीवरचा माणूस आहे. त्याचे खडे त्याला मेयोनेजच्या रिकाम्या बरणीत घालून दिलेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ती बरणी हलवून दाखवतो. मला म्हणाला, "तुझे कुठायत?" मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "सांडले."

"कुठे सांडले?"

"बेसिनमध्ये. का, लोणचं घालायचं होतं?"

सावेली म्हणाला, "माझ्यातले दोन घे. घरी काय दाखवशील?"

फैना रोज येते. दारावरची बाई विचारते, तुम्ही कोण? पहिले दोन दिवस फैना म्हणाली, बायको. बाई म्हणाली, पासपोर्टात लग्नाचा शिक्का दाखवा. शिक्का नाही. आता ती चुलतबहीण आहे. चुलतबहिणीला आत सोडतात, पण डॉक्टर तिच्याशी बोलत नाहीत. जवळची नातेवाईक, बहीण म्हणून मी तुझं नाव आणि तुझ्या औषधालयाचा पत्ता दिलाय.

कलिंगडाचा मुरांबा पाठवू नकोस. मागच्या वर्षीचा अजून आहे.

वेन्या

०

कामीशिन, १७ सप्टेंबर

वेन्या,

खडा मागे ठेवला म्हणजे तो तिथेच आहे. बरं वाटायला लागलं की हे विसरायला होतं, म्हणून आधी लिहिते.

आपल्या गल्लीतला प्रोखोर आठवतोय ना. त्याला खडे होते. त्याने माझ्याच काउंटरवरून बायकोच्या नावाने अमरफुलं नेली, मला काही बोलला नाही, आणि घरी जाऊन त्यांचा काढा करून प्यायला. पित्त जोरात वाहायला लागलं, खडा जागचा हलला आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसला. गाडी येईपर्यंत तो गुडघे छातीशी घेऊन अंगणात पडून होता. वाचला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, खडे आहेत का? "मला काय माहीत" म्हणणाऱ्याला देत नाही. लोक मला माघारी तपासनीसबाई म्हणतात. म्हणू देत.

तेव्हा नीट ऐक. पित्त वाहतं करणारं काहीही तोंडात घालायचं नाही. अमरफुलं नाही, मक्याचे केस नाहीत. आणि तुमच्या कारखान्यात सगळे एकमेकांना सांगत असतात ते, उजव्या कुशीला गरम पाण्याची पिशवी लावून पडायचं आणि झऱ्याचं बाटलीतलं पाणी प्यायचं, तेही नाही. ज्यांना खडे नाहीत त्यांच्यासाठी आहे ते. तळलेलं नको, चरबी नको, अंड्यातलं पिवळं नको. हे पत्र त्या बाईला मोठ्याने वाचून दाखव. स्वयंपाक तीच करते ना.

यंदा वाळूवर अमरफुलं खूप आली. माळ्यावर वाळत घातलीत, पाय ठेवायला जागा नाही. डोकं दुखतं त्या वासाने.

आत्ताच टपाल कचेरीतून चिठ्ठी आली, उद्या चार वाजता यारोस्लाव्लहून फोन आहे. तूच करतोयस का? पत्र लिहिता येत असताना फोन कशाला?

रिम्मा

०

कामीशिन, २० सप्टेंबर

आदरणीय नीना लव्होव्हना,

परवा फोनवर मी फार बोलले नाही. लाइनीत खरखर होती आणि बूथच्या बाहेर माणसं उभी होती. आपण जे सांगितलंत ते मला समजलं. मी तीस वर्षं औषधालयात आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ म्हणजे काय ते मला पुन्हा समजावून सांगायची गरज नाही.

त्याला खडे असल्याचंच सांगितलंय, ते योग्य झालं. आमचे वडीलही असेच गेले आणि त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत अल्सरच होता. माझ्याकडून त्याला काही कळणार नाही.

त्याच्यासोबत राहणारी बाई कागदोपत्री त्याची कोणी नाही, तिला सांगण्याचं कारण नाही, असं आपण म्हणालात. मलाही तसंच वाटतं.

आपण म्हणालात, नवीन वर्ष कदाचित पाहील. त्यापुढचं मी विचारलं नाही.

मी विचारलं होतं, त्याला जेवण जात नाही, तर पित्त वाहतं करणारं काही सौम्य दिलं तर चालेल का? आपण म्हणालात, द्या, आता कशानेही नुकसान होण्यासारखं नाही, थोडी भूक लागली तर चांगलंच. त्याप्रमाणे करते.

आपली,
रि. अ. झुबारेवा

०

कामीशिन, १ ऑक्टोबर

वेन्या,

तो फोन दुसऱ्याच कोणाचा तरी होता. चुकून मला बोलावलं.

पार्सल पाठवतेय. वाळवलेले नाशपती आहेत, मध आहे, आईची लोकरी शाल आहे. खिडकीपाशी बसताना पाठीवर घेत जा. एक पाकीटही ठेवलंय. त्यावर लिहिलंय तसं घे, भूक लागेल.

इथे थंडी पडली. व्होल्गेचं पाणी काळं दिसतं. तू म्हणशील तेव्हा मी रजा काढून येईन. सहज म्हणून. फार दगदग करू नकोस.

रिम्मा

०

यारोस्लाव्ल, १४ ऑक्टोबर

रिम्मा,

पार्सल मिळालं. शाल पाठीवरच आहे.

पाकीट फैनाने उघडलं. तिने वास घेतला आणि म्हणाली, "ही तर अमरफुलं." तुझं सप्टेंबरचं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तू सांगितलं होतंस तसं. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मला अंडं फोडू देत नाही. तिने पाकीट कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "रिम्मा अर्काद्येव्हनांची चूक झाली. वय होतंच की माणसाचं. त्यांना काही बोलू नकोस, वाईट वाटेल."

संध्याकाळभर मी त्या कपाटाकडे बघत बसलो होतो.

तुझी चूक होत नाही. प्रोखोरनंतर तर नाहीच. तू स्वतःच्या काकूला खडे आहेत म्हणून अमरफुलं नाकारलीस आणि ती तुझ्याशी वर्षभर बोलली नाही. पाकिटावर तुझंच अक्षर आहे: एक चमचा, पेलाभर पाणी, जेवणाआधी, कोमट. म्हणजे मला खडे नाहीत हे तुला माहीत आहे. नव्हतेच कधी. म्हणून सावेलीला बरणी मिळाली आणि माझे बेसिनमध्ये सांडले. आणि फोन चुकून आला नव्हता.

काय आहे ते मी विचारत नाही. वडील कसे गेले ते मीही पाहिलंय. मला एकच हवंय.

खोली माझ्या नावावर आहे, कारखान्याची. फैनाची नोंद अजून गिरणीच्या वसतिगृहात आहे. लग्न केलं असतं तर माझ्या खोलीमुळे घरांच्या रांगेतला तिचा नंबर गेला असता, म्हणून आम्ही थांबलो. रांग जागची हलली नाही. मी गेलो तर कारखान्याची माणसं येऊन दाराला सील लावतील आणि ती पन्नाशीत वसतिगृहातल्या चार खाटांच्या खोलीत परत जाईल. शेजारच्या मजल्यावर ल्युब्काचं असंच झालं. तिची भांडी जिन्यात ठेवली होती.

मी नोंदणी कचेरीत विचारून आलो. अर्ज केला की महिना थांबावं लागतं. माणूस फार आजारी असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर लगेच करतात. मी नीना लव्होव्हनांकडे दाखला मागितला. त्या म्हणाल्या, "वेनिअमिन अर्काद्येविच, खड्यांसाठी असा दाखला कोणी देत नाही." आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

फैनाला मी म्हटलं, चल अर्ज करू. ती म्हणाली, बरा हो आधी, वसंतात करू, माणसासारखा कोट घालून. लोक म्हणतील आजारी माणसाला धरून सही घेतली. लोक म्हणजे तू.

खरं सांगितलं तर ती तयार होईल. पण मग ती माझ्याकडे बघत बसेल. आत्ता ती माझ्याशी भांडते, अंडी लपवते, पडद्याच्या कापडावरून डोकं खाते. ते मला हवंय, आहे तोवर.

म्हणून तू लिही. महिना आहे की नाही, एवढंच. असेल तर मी तिला कसंतरी कचेरीत नेतो. नसेल तर दाखला मिळवून दे. तुला त्या देतील.

वेन्या

०

कामीशिन, २३ ऑक्टोबर

वेन्या,

काय वाट्टेल ते लिहितोस. आजारी माणसाला वेळ फार असतो, त्याचा हा परिणाम.

पाकीट चुकीचं गेलं. तुझ्यासाठी पुदिना बांधला होता. त्याच दिवशी साराटोव्हच्या एका बाईचं पार्सल होतं, तिची अमरफुलं तुझ्या खोक्यात गेली आणि तुझा पुदिना तिला. तिने मला रागाने पत्र पाठवलंय. माझंही वय झालंय, ते फैनाने बरोबर ओळखलं. ते पाकीट फेकून दे आणि हात धुऊन टाक.

डॉक्टर म्हणतात खडा, म्हणजे खडा. तू डॉक्टर आहेस का? नर्सने भांडं उलटं केलं त्यावरून एवढी कथा रचलीस. सावेलीला बरणी मिळाली म्हणजे सगळ्या देशाला मिळायला हवी का?

मे महिन्यात इथे ये. पाण्याला पूर असतो, तुला आवडतो तो. वरच्या खोलीत झोप.

आणि कागदाचं आत्ताच कोणाला सुचलं? इतकी वर्षं तिला तिचा रांगेतला नंबर प्रिय होता. तू म्हणतोस ती नको म्हणते. नको म्हणणं हीही एक पद्धत असते. मी यात पडणार नाही.

शाल धुताना गरम पाणी वापरू नकोस.

रिम्मा

०

यारोस्लाव्ल, ३१ ऑक्टोबर

रिम्मा अर्काद्येव्हना,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, माफ करा. वेन्याला न सांगता लिहितेय.

तुमचं पाकीट सोबत परत पाठवते. साराटोव्हच्या बाईंचं आहे असं तुम्ही लिहिलंत ते वेन्याने वाचून दाखवलं. फेकून द्या म्हणालात, पण फुलं चांगली आहेत, एकही काळं पडलेलं नाही. इथे ती कामाची नाहीत, खडा आहे. तिथे कोणाला तरी लागतील. एवढी वेचायची म्हणजे कंबर मोडते, मला माहीत आहे, मी लहानपणी कापूस वेचलाय.

तुमचं ते पत्र वाचून झाल्यावर वेन्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "चला, पुदिना होता तर." मग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.

मला तुम्हाला विचारायचं होतं. तो पुन्हा पिवळा व्हायला लागलाय. आधी वाटलं दिव्याचा उजेड. काल दिवसा खिडकीशी पाहिलं, डोळे पिवळेच आहेत. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोकं पाडलीत. मी रव्याची खीर करते, दूध पाणी घालून, साय काढून. तीही पोटात राहत नाही. मी काही चुकीचं देत असेन तर सांगा. तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते. एकदा कांदा परतला होता, पण तो माझ्यासाठी.

दवाखान्यात मी दोनदा गेले. डॉक्टर घाईत असतात. म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी चुलतबहीण म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्यांच्या बहिणीशी आमचं बोलणं झालंय, त्यांना विचारा." म्हणून विचारते. खडा हलला असेल का?

तो लग्नाचा अर्ज करू म्हणून मागे लागलाय. मी नाही म्हणते. तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे, आणि तुमच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. तो बरा झाला की तुम्ही या, तुमच्यासमोर करू. नाही आवडलं तर नाही करणार.

तुम्हाला यायला जमलं तर या. मी स्वयंपाकघरात झोपेन.

फैना ग्रिझलोव्हा

०

कामीशिन, ९ नोव्हेंबर

फैना,

पाकीट चुकीचं नव्हतं. साराटोव्हची बाई कोणी नाही.

त्याला खडे नाहीत. स्वादुपिंडात गाठ आहे, ती पित्ताच्या नळीवर बसली आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी पोट उघडलं, पाहिलं, पित्ताला बाजूने वाट दिली आणि शिवून टाकलं. ती वाट आता बंद होतेय, म्हणून तो पिवळा होतोय. तू काही चुकीचं दिलेलं नाहीस. पाणी घातलेल्या दुधाने काही होत नाही आणि कांद्यानेही होत नाही. हे मला अठरा सप्टेंबरपासून माहीत आहे.

त्यालाही माहीत आहे. पाकीट पाहिलं त्या दिवसापासून. त्याने मला स्वच्छ विचारलं होतं आणि मी पुदिना लिहिला.

सात-आठ तारखेला क्रांतिदिनाच्या सणामुळे सगळं बंद होतं. आज सकाळी शेजारणीकडून नीना लव्होव्हनांना तार करवली: नोंदणीसाठी दाखला ग्रिझलोव्हा यांच्या हाती द्या, मी सगळ्यात जवळची नातेवाईक, माझी संमती आहे. हे पत्र मिळाल्याबरोबर दवाखान्यात जा. चुलतबहीण म्हणू नकोस. ग्रिझलोव्हा म्हण. दाखला घेऊन नोंदणी कचेरीत जा. ज्याला चालता येत नाही त्याच्याकडे तिथल्या बाई घरी येतात, पण तसं सांगावं लागतं. नाही म्हणाल्या तर तिथेच बसून राहा. नंतर लगेच घरव्यवस्थापकाकडे जाऊन खोलीवर तुझं नाव चढव. तेवढ्यावर थांबू नकोस. लग्नाच्या कागदाने खोली मिळत नाही, नोंदीने मिळते.

रांगेतला नंबर जाईल. जाऊ दे.

माझी रजा सोमवारपासून मंजूर होती. शनिवारी माळ्याच्या शिडीवरून घसरले, पाय घोट्यात मोडलाय, प्लास्टर आहे. हे पत्र टाकायला शेजारीणच नेईल. त्याला पायाचं सांगू नकोस.

त्याच्याकडे बघत बसू नकोस. त्याला ते नकोय.

रिम्मा

०

यारोस्लाव्ल, २० नोव्हेंबर

रिम्मा अर्काद्येव्हना,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग बटाटे सोलत होते ते पूर्ण सोलले. वेन्याने आतून विचारलं, "कोणाचं पत्र?" मी म्हटलं, "गिरणीच्या युनियनचं." तो म्हणाला, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "रांग हलली नाही." तो म्हणाला, "त्यांना काय, बसून लिहितात."

बुधवारी दवाखान्यात गेले. मी ग्रिझलोव्हा, एवढंच म्हणाले. नीना लव्होव्हनांनी दाखला आधीच लिहून ठेवला होता. हातात देताना म्हणाल्या, "त्यांना दाखवू नका." मी म्हटलं, "नाही दाखवणार." त्या म्हणाल्या, "बसता का जरा?" मी बसले नाही, कचेरी तीनला बंद होते.

गुरुवारी दुपारी नोंदणीची बाई घरी आली. तरुण आहे. बूट काढू का म्हणाली, मी नको म्हटलं. तिने दाखला वाचला आणि घडी करून पिशवीत ठेवला. वेन्या उशांना टेकून बसला होता, तुमच्या आईची शाल पाठीवर. सकाळी त्याने माझ्याकडून दाढी करून घेतली. मी हात लावला की त्याला खाज येते, म्हणून हळू केली. साक्षीला सावेली आला होता. रविवारचा कोट घालून.

बाईने विचारलं, "दोघांची इच्छा आहे ना?"

सावेली म्हणाला, "तिची नव्हती, घसरली."

वेन्या म्हणाला, "माझी आहे." मी म्हटलं, "आहे."

त्याने सही केली. अक्षर थोडं वर गेलं. बाईने मला विचारलं, नवऱ्याचं आडनाव घेणार का? मी वेन्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "झुबारेवा. आमच्यात एक आहे आधीच, तिला चालेल." मी तसंच लिहायला सांगितलं. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "दाखल्यात काय लिहिलं होतं?"

मी म्हटलं, "खडा."

तो म्हणाला, "मोठा?"

मी म्हटलं, "बऱ्यापैकी."

तो म्हणाला, "बरं." आणि पडदे कधी लावणार म्हणून विचारलं. कापड अजून तसंच पडलंय, ते मला गडद हवं होतं आणि त्याला फिकं. मी म्हटलं, गडदच लावणार. त्यावर आम्ही बराच वेळ भांडलो. तो झोपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तुमच्या पायाचं त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही का आला नाहीत असं त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरव्यवस्थापकाच्या कचेरीत गेले. माझ्यापुढे एकच माणूस होता, त्याचा नळ गळत होता. तिथल्या बाईने लग्नाचा कागद पाहिला, माझं नाव खोलीवर चढवलं आणि पासपोर्टात शिक्का मारला. शिक्का मारताना तिने अभिनंदन केलं. मी आभार मानले.

फैना झुबारेवा